दोन मैत्रिणी, दोन घरं : येणाऱ्या कादंबरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळी अंकात माझ्या नव्या कादंबरीतलं एक प्रकरण छापून आलं आणि तेव्हापासून केज, अंबाजोगाई, औसा, उमरगा, परभणी अशा गावांतून वाचक विचारत आहेत : पुढं काय झालं, पुस्तक कधी येणार, ही कुणाची गोष्ट आहे. काही प्रश्न सारखे येतात म्हणून इथं घेतले, काही मला स्वतःला महत्त्वाचे वाटले म्हणून. कथानकाचा शेवट फोडणार नाही. बाकी जे सांगता येतं ते मोकळेपणानं सांगते.

कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे?

बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातल्या केज आणि धारूरच्या मधल्या एका काल्पनिक गावातल्या दोन मुलींबद्दल. एकीचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दुसरीचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जाणारे. गाव एकीला ‘मास्तरची’ म्हणतं, दुसरीला ‘टोळीवाल्याची’. त्यांची खरी नावं पुस्तकातच वाचा, कारण ती नावं कुणी, कधी आणि किती वेळा घेतली यावरच कादंबरीचं बरंचसं काम चालतं.

टोळीवाल्याची चौथीत असताना तिला सांभाळणारी आजी वारते. त्या वर्षी ट्रक भरायची वेळ येते तेव्हा मास्तरची बायको तिच्या मायला म्हणते, ‘लेकरू आमच्याकडं ऱ्हाऊ द्या, शाळा बुडंल तिची.’ एका हंगामासाठी ठरलेलं ते राहणं सहा हंगाम चालतं. तिथून कादंबरी सुरू होते. पुढं दोघींची लग्नं, १९९३ चा भूकंप, मधली अबोल्याची वर्षं आणि शेवटचा भाग २०१६ च्या उन्हाळ्यातल्या लातुरात. एकूण काळ १९८४ ते २०१६.

मग ही मैत्रीची कादंबरी म्हणायची की कुटुंबाची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतो.

आमच्याकडं पुरुषांच्या मैत्रीला जागा असते. पार असतो, तालीम असते, चहाची टपरी असते, बाजाराचा दिवस असतो. साठीतले दोघं जण अजून त्याच पारावर बसलेले दिसतात, जिथं ते विशीत बसायचे. बाईच्या मैत्रीला अशी जागा नाही. लग्न झालं की एक मैत्रीण एका गावी, दुसरी दुसऱ्या गावी. भेट झालीच तर पंचमीला, दिवाळीला किंवा कुणाच्या लग्नात, आणि तीही दोघी एकाच वेळी माहेरी आल्या तर. माहेरी कधी यायचं हे त्या ठरवत नाहीत. भावाला न्यायला येण्याची सवड आहे का, सासूनं होकार दिला का, ज्वारीची काढणी आटोपली का, एसटीच्या भाड्याला पैसे आहेत का, यावर ते ठरतं. म्हणजे दोन बायकांची मैत्री टिकायची असेल तर त्यासाठी निदान चार घरांनी साथ द्यावी लागते : दोन माहेरं, दोन सासरं.

हे एकदा लक्षात आलं आणि कादंबरीचा आकार ठरला. मला मैत्रीबद्दल लिहायचं होतं, पण घराच्या उंबऱ्याबाहेर ती मला कुठं सापडेना. मास्तरच्या घरात ताटात भाकर कुणी वाढली, आंघोळीचं पाणी कुणी तापवलं, दिवाळीला दोघींना एकाच ताग्यातलं कापड घेतलं की वेगवेगळं, यातून त्या दोघींची मैत्री घडते आणि यातूनच तिला तडाही जातो. एकाच घरात वाढलेल्या दोन मुलींत एक ‘घरची’ असते आणि एक ‘ठेवून घेतलेली’. लहानपणी हा फरक दिसत नाही. पंधराव्या वर्षी तो दिसतो आणि मग न दिसल्यासारखं करता येत नाही.

या मातीत ही गोष्ट नवी नाही. जनाबाई मूळची गंगाखेडची. परंपरा सांगते की ती लहानपणी नामदेवांच्या घरी आली आणि तिथंच वाढली, राबली, आणि त्या घराला तिनं आपल्या अभंगांत कायमचं बसवलं. नामदेव नरसीचे, आणि त्यांचा जीवाचा सोबती ज्ञानदेव आपेगावचा. दोघं मिळून तीर्थयात्रेला गेले त्याच्या कथा आपण सगळेच ऐकत आलो. परक्या घरात वाढलेलं लेकरू आणि वाटेवरचा सोबती, या दोन्ही गोष्टी मराठवाड्यानं सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवल्यात. कादंबरीतली मास्तरची आई पहाटे जात्यावर जनाबाईच्या ओव्या म्हणते आणि ठेवून घेतलेली मुलगी गोधडीत पडून त्या ऐकते. त्या पानांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

ही खरी गोष्ट आहे का? तुमच्याच घरातली?

नाही. कुणाही एका बाईचं आयुष्य उचलून यात ठेवलेलं नाही. गाव काल्पनिक, माणसं काल्पनिक. मात्र ज्या परिस्थितीत ती जगतात ती परिस्थिती खरी आहे, आणि तिच्यात मी काही वाढवलेलं नाही, काही लपवलेलं नाही.

प्रकरण वाचून दोन-तीन वाचक बायका म्हणाल्या, ‘ताई, हे तर माझंच लिहिलंय.’ याहून मोठी गोष्ट मला कुणी सांगू शकत नाही.

आम्ही कधी ऊसतोड जवळून पाहिली नाही. आम्हाला कळेल का?

कळेल. तरी थोडं आधी सांगून ठेवते, कारण हे माहीत असलं की मुलगी मास्तरकडं का राहते ते नीट उमगतं.

बीड जिल्ह्यातून, आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतूनही, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात. निघायच्या आधी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. कामाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजुरी तोडलेल्या टनावर, आणि ती आधी उचलीत वळती होते. राहायला उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलच्या सुमारास टोळ्या परततात. उचल फिटली नसेल तर ती पुढच्या हंगामावर जाते.

शाळा नेमकी याच महिन्यांत चालते. लेकरू बरोबर नेलं तर शाळा सुटते, गावी ठेवलं तर आजी-आजोबांच्या भरवशावर. पुढच्या काळात हंगामी वसतिगृहं आली, पण या दोघींच्या शाळेच्या वर्षांत गावात म्हातारं माणूस नसेल तर मुलीसाठी दुसरी वाट नव्हती. म्हणून मास्तरच्या बायकोनं म्हटलेलं ते एक वाक्य इतकं मोठं आहे.

यातली बाई कोयता धरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरीही थापते. आजारपणात खाडा झाला तर पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारनं चौकशी समिती नेमली. कादंबरी त्या सालाआधीच थांबते, पण टोळीवाल्याच्या लेकीची माय त्याच वाटेवरून गेलेली आहे. ते प्रकरण मी सगळ्यात कमी शब्दांत लिहिलंय.

भूकंप कादंबरीत कशाला? तो विषय आता जुना नाही का झाला?

किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत जाऊन या. तिथं तो जुना झालेला नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला उमरगा तालुका यांना सगळ्यात मोठा फटका बसला, हजारो माणसं गेली. घरं दगडाची, भिंती जाड, दगडांमध्ये मातीचा गारा आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी, वाडवडिलांच्या अभिमानाची ती घरंच झोपलेल्या माणसांवर आली.

मास्तरची लेक त्याच वर्षी उन्हाळ्यात या पट्ट्यातल्या एका गावात लग्न होऊन गेलेली आहे. कर्नाटकाच्या सीमेलगतचं गाव, सासरी सासूला ‘अव्वा’ म्हणणारं घर. इतक्या वर्षांत जिनं आसरा दिला तिच्यावरच आता आसरा शोधायची पाळी येते, आणि तिच्याकडं जाणारी पहिली कोण असते ते तुम्ही ओळखलंच असेल. तेवढं मी लपवत नाही, कारण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

माझा जीव गुंतला तो पुनर्वसनात. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या धारणेनुसार दिली : २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची. सरकारच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब सरळ होता, आणि एवढ्या मोठ्या संकटात एवढं काम उभं राहिलं याचं मोल मी कमी करत नाही. पण एका आकाराची घरं एका भागात आली आणि जुनी गल्ली विखुरली. जिच्या दारातून विस्तव मागून आणायचा ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. भावकी वेगळी झाली. रुंद, सरळ रस्ते आले, आणि दोन घरांच्या मधला तो बोळ गेला जिथं दुपारी बायका डोक्यातलं बघत, निवडत-टिपत बसायच्या. म्हातारी माणसं नव्या घरासमोर पत्र्याचं छप्पर घालून त्याच्याखाली झोपू लागली, कारण डोक्यावर स्लॅब नको वाटायचा.

भूकंपावरच्या आकड्यांचे अहवाल पुष्कळ आहेत. शेजार गेल्यावर बाईचं काय होतं, हे सांगायला मला कादंबरीच हवी होती.

आणि २०१६ चं लातूर?

त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ गाडीची पहिली खेप १२ एप्रिलला आली. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागू झाली होती. पाचहून कमी माणसांनीच एका ठिकाणी उभं राहायचं अशा दिवसांत दोन चाळिशीतल्या बायका टँकरच्या रांगेत समोरासमोर येतात. इथं थांबते.

पुरुष वाचकाला यात काही आहे का?

भरपूर. दोन बापांची मैत्री मला लिहिता लिहिता सापडली. ते फारसं बोलत नाहीत. मास्तर दर हंगामाआधी आणि नंतर टोळीवाल्याचा उचलीचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहून ठेवतात, मुकादमाच्या वहीशी ताडून बघतात. टोळीवाला परतताना दरवर्षी गुळाची एक ढेप आणतो आणि काही न बोलता ओसरीवर ठेवतो. एका वर्षी ढेप येत नाही. त्या वर्षी काय घडलं हे दोघंही एकमेकांना विचारत नाहीत, आणि त्या न विचारण्याचे परिणाम मुलींना भोगावे लागतात.

मास्तरचे वडीलही आहेत. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, मराठी पत्रातही मधूनच उर्दू वळण येणारे. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या दिवसांत त्यांना एका दोस्तानं घरात लपवलं होतं. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, शाळेत झेंडावंदन झालं की ते त्या दोस्ताच्या घरी जातात, आणि नातवंडांना बरोबर नेतात. घरात कुणाला तरी ठेवून घेणं या कुटुंबाच्या अंगात कुठून आलं, याचं उत्तर तिथं आहे.

भाषा कोणती आहे? पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडेल का?

निवेदन लिहिण्याच्या मराठीत, पण आमच्या वळणाचं. संवाद बोलीत. ‘काय करायलीस?’, ‘कामून?’, ‘लई झालं’ एवढ्यानं कुणी अडत नाही. केजकडची बोली आणि उमरग्याकडची बोली वेगळी, तिथं कानडीची लय येते. तो फरक मी शक्य तेवढा जपला आहे. मुलगी सासरी गेली की तिच्या बोलण्यात हळूहळू बदल होतो, आणि माहेरी आल्यावर मैत्रीण त्यावरून तिला चिडवते. मागं शब्दार्थांची यादी मुद्दाम दिलेली नाही. चार पानांत कान तयार होतो.

फार रडवणारी आहे का? आईला वाचायला द्यावी का?

दुःख आहे, ते मी टाळलेलं नाही. पण ही रडगाण्याची कादंबरी नाही. यात हुरडा आहे, चोरून खाल्लेल्या चिंचा आहेत, शाळेतल्या गॅदरिंगची तालीम आहे, आणि येळवस आहे.

येळवशीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लातूर-धाराशिवबाहेर हा सण फारसा माहीत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, अख्खं घर शेतात जातं. कडब्याची कोप करतात, तिच्यात लक्ष्म्या मांडतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. आणि मुख्य म्हणजे ज्यांना शेत नाही त्यांनाही बोलावतात. मित्र, शेजारी, नोकरीनिमित्त गावात आलेली माणसं, सगळे. शहरात त्या दिवशी शुकशुकाट असतो. घरच्यांनी आणि दोस्तांनी एकाच पंगतीत बसायचा हा दिवस. मास्तरची लेक लग्नानंतर पहिल्यांदा येळवस बघते ती भूकंपानंतर जवळजवळ साडेतीन महिन्यांनी, तंबूत राहणाऱ्या गावात. ते गाव येळवस करतं की नाही, करतं तर कशी, हे प्रकरण वाचताना तुम्हाला रडू आलं तरी ते बरं वाटणारं रडू असेल.

आईला जरूर द्या. तिला बारीक टाईप वाचवत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा. संवाद बोलीत असल्यानं ते मोठ्यानं वाचायला फार छान लागतात. आणि वाचता वाचता तिला तिच्या मैत्रिणीचं नाव विचारा. आपल्या आईची लहानपणची मैत्रीण कोण होती, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं.

शाळकरी मुलांना चालेल?

नववी-दहावीपासून पुढं चालेल. त्याखालच्या मुलांना मोठ्यांनी बरोबर बसून काही प्रकरणं वाचून दाखवावीत. पहिला भाग तर त्यांचाच आहे.

कादंबरीचं नाव का सांगत नाही?

दोन नावं शेवटपर्यंत उरली आहेत. मुखपृष्ठाचं चित्र पक्कं झालं की त्यातलं एक ठरेल. चित्रकारानं पहिलं रेखाटन दाखवलं आहे : एकाच दोरीवर वाळत घातलेले एकाच कापडाचे दोन फ्रॉक, एक थोडा लांब. मला ते इतकं आवडलं की नाव चित्राला साजेसं निवडावं असंच वाटतंय.

पुस्तक कधी येणार? इतका उशीर का लागतोय?

संपादन झालं, अक्षरजुळणी झाली, आता दुसरं मुद्रितशोधन चालू आहे. बोलीतल्या संवादांचं मुद्रितशोधन वेळखाऊ असतं. ‘ऱ्हाऊ’ हे ‘राहू’ करून टाकायचा मोह चांगल्या चांगल्या मुद्रितशोधकाला होतो, आणि मग प्रत्येक पानावर पुन्हा नजर घालावी लागते. त्यातच पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत छापखाने दिवाळी अंकांत गुंतलेले असतात. त्या गर्दीत पुस्तक ढकललं तर बांधणीवर परिणाम होतो. म्हणून प्रकाशकांनी आणि मी मिळून ठरवलं की दिवाळी जाऊ द्यायची. येळवशीच्या आसपास पुस्तक हातात यावं असा प्रयत्न आहे. तारीख पक्की झाल्याशिवाय सांगत नाही, कारण तुम्ही वाट बघताय हे मला माहीत आहे.

किती पानं, किंमत किती?

साधारण ३२० पानं, म्हणजे सोळा पानी वीस फॉर्म. किंमत अजून ठरायची आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नसला तरी कागदावर आहे, आणि कागद महागला की पुस्तक महागतं. प्रकाशनपूर्व नोंदणी करणाऱ्यांना सवलत मिळेल. त्या नोंदणीचा दुसराही उपयोग आहे. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुतेकदा हजार प्रतींची किंवा त्याहून कमी असते. किती छापायच्या हा अंदाज प्रकाशकाला आधीच्या नोंदणीवरूनच येतो. घ्यायचंच असेल तर आधी नोंदवा.

आमच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही. कसं मिळणार?

मराठवाड्यात हा प्रश्न खरा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगली दुकानं आहेत, तालुक्याला मात्र बहुतेक दुकानांत वह्या, गाईड आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. पण दुकानदाराला सांगितलं तर तो मागवून देतो, आणि पाच जणांनी सांगितलं तर पाच प्रती आणून ठेवतो. टपालानं घरपोच मिळेलच. चार-पाच मैत्रिणींनी एकत्र मागवलं तर टपालखर्च वाटला जातो. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात आणि साहित्य संमेलनांतही प्रती असतील. उस्मानाबादला २०२० मध्ये आणि उदगीरला २०२२ मध्ये अखिल भारतीय संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या दालनात खेड्यातून आलेल्या बायका पिशवीत पैसे मोजून पुस्तकं घेताना मी पाहिल्या आहेत. मराठवाडा वाचत नाही असं कुणी म्हटलं की मला त्या आठवतात.

ग्रंथालयात येईल का?

तुम्ही मागितलं तर नक्की. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं खेड्यापाड्यांत आहेत. त्यांना अनुदान मिळतं आणि त्यातून दरवर्षी पुस्तकं घ्यावी लागतात. अनुदान तुटपुंजं आहे, ग्रंथपालांचं मानधन त्याहून तुटपुंजं, तरी ही माणसं ग्रंथालय उघडं ठेवतात. सभासदांनी लेखी मागणी दिली तर खरेदीच्या यादीत पुस्तक लवकर येतं. तुमच्या गावातल्या ग्रंथालयाचं सभासदत्व नसेल तर आधी ते घ्या, माझ्या पुस्तकासाठी नाही तरी इतर शेकडो पुस्तकांसाठी.

पीडीएफ मिळेल का?

नाही. आणि कुणी पाठवली तर पुढं पाठवू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पण मी कायद्यासाठी सांगत नाही. एका कादंबरीमागं संपादक, अक्षरजुळणी करणारी, मुद्रितशोधक, चित्रकार, छापखान्यातले आणि बांधणीतले कामगार एवढ्यांचं पोट असतं. ज्याला खरोखर परवडत नाही त्यानं ग्रंथालयातून घ्यावी, मैत्रिणीची घ्यावी. दहा जणींनी एकच प्रत वाचली तर मला आनंदच होईल.

तोवर आम्ही काय करायचं?

प्रकरण आलेला दिवाळी अंक मिळाला तर वाचा. जनाबाईचे अभंग वाचा, विशेषतः दळणकांडणाचे. पण खरं सांगायचं तर माझी एकच इच्छा आहे : तुमची जी मैत्रीण लग्नानंतर मागं राहिली, तिचा ठावठिकाणा काढा. तिच्या भावाला विचारा, गावातल्या किराणा दुकानदाराला विचारा, कुणाकडं तरी नंबर निघतोच. ही कादंबरी एकटीनं वाचायची नाही. दोघींनी एकेक भाग वाचून एकमेकींना फोन करावा अशा हिशेबानं मी ती सहा भागांत लिहिली आहे.

याचा पुढचा भाग येणार का?

नाही. दोघींबद्दल जे सांगायचं होतं ते सांगून झालं.

प्रकाशन कुठं होणार? आम्हाला येता येईल?

एक कार्यक्रम लातुरात होईल आणि तो सगळ्यांसाठी खुला असेल. पण डिसेंबर-जानेवारीत टोळ्या फडावर असतात, म्हणजे ज्यांच्या घरांबद्दल मी लिहिलं तीच माणसं त्या वेळी गावात नसतील. म्हणून दुसरं वाचन गुढीपाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावर, केज-धारूर भागात ठेवणार आहे. एखाद्या शाळेच्या पटांगणात, आणि स्वयंपाक उरकल्यावर रात्री आठनंतर, म्हणजे बायकांना येता येईल. तुमच्या गावात जागा मिळत असेल तर जरूर सांगा. सतरंज्या आणि माईक आम्ही घेऊन येऊ.